एका घराच्या तीन पिढ्या



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे चालक भगिनींनी सांगितले, तेव्हा एखादी पाककृती लिहून मोकळे व्हावे असे माझ्या मनात होते. परंतु "तुमच्या ख्रिस्ती लोकांविषयी लिहा, आम्हाला नाताळच्या करंज्या आणि केक यापलीकडे काही माहीत नाही," असा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही. तरी जे वाचले, वडीलधाऱ्यांकडून ऐकले व ज्याचा विचार गेले वर्षभर मनात चालू आहे, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

विषय असा की, आईबापांचा धर्म मुलांकडे कसा जातो? घर, शेत, दागिने हे सारे देता येते. श्रद्धा तशी देता येते काय?

हा प्रश्न मला उगाच पडला नाही. आमच्यात मूल तान्हे असतानाच त्याचा बाप्तिस्मा होतो व त्याच्या वतीने आईबाप शब्द देतात. पुढे मूल जाणते झाले म्हणजे त्याने मंडळीपुढे, म्हणजे देवळाच्या सभासदांपुढे, उभे राहून स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली द्यावयाची असते. मग त्याला प्रभुभोजनात भाग मिळतो. गेल्या वर्षी माझ्या मुलीची वेळ आली. मी नवी साडी आणून ठेवली होती. मुलगी म्हणाली, "आई, तू आहेस म्हणून मी ख्रिस्ती, आजी होती म्हणून तू. यात माझं काय ते मला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा उभी राहीन. आता उभी राहिले तर ते खोटं होईल."

त्या दिवशी यांची दुसरी पाळी होती. रात्री साडेबारा वाजता ते घरी आले तोवर मी जागी होते. सगळे सांगितले. त्यांनी जेवण संपवले व "तिच्यावर ओरडू नकोस" एवढेच म्हणाले. मला मात्र वाटले, चार पिढ्यांनी सांभाळलेले माझ्या हातून सांडले.

दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले पाहून शेजारच्या काकींनी विचारले. ऐकून त्या हसल्याच. म्हणाल्या, "आमचं थोरलं पोरगं तर जोतिबाच्या डोंगराला येत न्हाई. 'तू जा की, मला कशाला?' म्हणतंय. तुझी पोरगी निदान विचार करून तरी बोलली." तेव्हा कळले की, हे दुःख माझ्या एकटीचे नाही. आपल्या या औद्योगिक वसाहतीत नाना गावांची, नाना देवांची माणसे पोटासाठी एकत्र आली आहेत. कुलदैवत गावी राहिले, देऊळ शहरात राहिले, आठवड्याची सुट्टी कधी रविवारी येते, कधी येत नाही. मुलांनी आपले काय घ्यावे व काय टाकावे, ही काळजी सगळ्याच घरांत आहे. म्हणून हा लेख केवळ ख्रिस्ती भगिनींसाठी नाही.

आपण कागलात राहतो म्हणून कागलचेच उदाहरण प्रथम घेते. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू महाराज झाले. त्या वेळी त्यांना अवघे दहावे वर्ष चालू होते. गादी अशी दत्तकाने मिळते. परंतु पुढे त्यांनी शाळा व वसतिगृहे काढली, १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, ते काही दत्तकपत्रात लिहिलेले नव्हते. ते त्यांचे स्वतःचे होते. धर्माचेही असेच असते असे मला पुढील हकिगतींवरून वाटू लागले.

आता आमच्या भागातील ख्रिस्ती मंडळीविषयी थोडेसे. कोल्हापुरात रॉयल गोल्ड वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली पत्नीसह आले. त्यांनी शाळा काढल्या व उपासना सुरू केली. पुढे १८७० साली हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे आहे. मिरजेस १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी दवाखाना उभा केला, त्याची कीर्ती आपणांस ठाऊक आहेच. पन्हाळ्याकडील कोडोलीलाही मिशनचे ठाणे व दवाखाना होता. आमचे मूळ त्याच बाजूचे.

दुष्काळात धान्यासाठी लोक ख्रिस्ती झाले, असे आम्हाला कधी कधी ऐकावे लागते. त्याचा मला राग येत नाही. १८७६ ते १८७८ चा व १८९९-१९०० चा हे मोठे दुष्काळ होते, माणसे अन्नासाठी दारोदार फिरत होती. तेव्हा भाकरी देणाऱ्याच्या देवाकडे कोणी वळला असेल तर नवल नाही. परंतु दुष्काळ सरला, धान्य संपले, मिशनरी साहेब परत गेले, तरीही पणतवंडे रविवारी देवळात जातात. ते धान्यामुळे असणार नाही. आमच्या घरी एक जुने पवित्र शास्त्र आहे. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा व मरण यांच्या तारखा लिहिल्या आहेत. वरचे अक्षर पणजोबांचे, त्याखाली आजोबांचे, मग वडिलांचे. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याची ओळ माझ्या हातची आहे. त्याखाली जागा रिकामी आहे व गेल्या वर्षी मी त्या रिकाम्या जागेकडेच पाहत बसले होते.

वाइल्डर साहेबांच्या घरची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट आपल्या कोल्हापुरातच १८६३ साली जन्मला. १८७५ साली हे कुटुंब अमेरिकेस परत गेले. वडील आजारी व म्हातारे झाले. तेव्हा रॉबर्ट व त्याची बहीण ग्रेस दोघे मिळून नित्य प्रार्थना करीत की, आपल्या देशातील विद्यार्थ्यांमधून परदेशी सेवेला माणसे निघावीत. १८८६ साली तेथील माउंट हर्मन नावाच्या ठिकाणी विद्यार्थ्यांचे शिबिर भरले, त्यात शंभर जणांनी अशी तयारी दाखवली व त्यातून एक मोठी चळवळ सुरू झाली. पुढच्याच वर्षी वडील वारले. ग्रेस आईला घेऊन पुन्हा आपल्याच मुलखात कामासाठी आली. बापाचे काम मुलांनी उचलले खरे, पण प्रत्येकाने आपल्या परीने उचलले. मुलाने विद्यार्थी गोळा केले, मुलगी आईसह इकडे परत आली.

तरी हे झाले साहेबांच्या घरचे. आपल्या मराठी घरात हे कसे घडले, ते मला टिळकांच्या घरावरून समजले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकातील उतारे पुष्कळ भगिनींनी शाळेत वाचले असतील. मुलीच्या त्या प्रसंगानंतर मी संपूर्ण पुस्तक मिळवून वाचले. दुपारी भांडी झाल्यावर थोडे थोडे, असे दीड महिना वाचत होते.

नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, चित्पावन ब्राह्मण. जन्म १८६१ चा. संस्कृतचे जाणकार, कवी, वक्ते, आणि स्वभावाने भारी लहरी. एका जागी टिकून राहणे त्यांना जमत नसे. लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म १८६८ चा. त्यांचे वडील सोवळ्याओवळ्याचे इतके कडक की, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घेत नसत. लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या होत्या. शाळा ठाऊक नव्हती. पुढे नवऱ्यानेच त्यांना लिहायला-वाचायला शिकवले.

१८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावला जात असता डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. बोलता बोलता त्यांनी टिळकांना नवा करार वाचायला दिला व दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचले व ते त्यातच गुंतले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. आमच्या मंडळीत टिळकांचे नाव फार आदराने घेतात व ते योग्यच आहे. परंतु बाईमाणूस म्हणून वाचताना त्या ठिकाणी जीव कासावीस होतो. पत्नी माहेरच्या माणसांत, पदरी चार वर्षांचा दत्तू, आणि नवरा तिकडे धर्म बदलून मोकळा. त्या काळी ब्राह्मणाच्या घरात ही गोष्ट मरणाहून वाईट. कुंकू असून नवरा नाही, नवरा असून घर नाही. काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या, पंढरपुरातही राहिल्या. लोकांनी सहानुभूती दाखवली, टोमणेही मारले. त्यांचे मन थाऱ्यावर नसे. टिळकांनी केले ते त्यांच्या श्रद्धेने केले, पण त्याची किंमत पहिल्याने त्यांच्या पत्नीने मोजली, हे लपवण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाईंनीही ते लपवलेले नाही. हसत हसत, पण सगळे सांगितले आहे.

टिळकांनी मात्र एक गोष्ट केली. त्यांनी बायकोला टाकले नाही व तिच्यावर जबरदस्तीही केली नाही. पत्रे लिहीत राहिले, भेटत राहिले. पुढे लक्ष्मीबाई नगरकडे त्यांच्याजवळ राहायला आल्या, त्या ब्राह्मण म्हणूनच आल्या. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, सोवळे पूर्वीसारखे. नवरा ख्रिस्ती व बायको हिंदू, असा संसार चालला होता. आजच्या काळातही अवघड, मग त्या काळी किती अवघड असेल याची कल्पना करावी.

आणि मग त्यांच्या मनात जे पालटले ते कोणाच्या उपदेशाने पालटले नाही. देवाने सगळी माणसे निर्माण केली, तर हे उच्च-नीच कोणी केले, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. जातिभेद माणसानेच केला, देवाने नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले, तेव्हा प्रथम त्यांनी शिवाशीव सोडली. वर्षानुवर्षे धुतलेले-पुसलेले हात त्यांनी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेण्यासाठी पुढे केले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे नवऱ्याच्या व बायकोच्या बाप्तिस्म्यात पाच वर्षांचे अंतर पडले. टिळक ख्रिस्ताकडे आले ते वाचनाच्या व काव्याच्या वाटेने. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच मी ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वयंपाकघराच्या वाटेने, पाण्याच्या घागरीवरून. एकाच घरातील दोन माणसे, तरी वाटा दोन.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. वाटले, लक्ष्मीबाई पाच वर्षे "नाही" म्हणाल्या, आणि माझ्या मुलीने "अजून नाही" म्हटले तर मी रडले.

एकदा घर जमले म्हणजे त्यात काय काय झाले ते पाहा. टिळकांच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तोटा नसे. पैसा हातात टिकत नसे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. लक्ष्मीबाईंनी तेथे 'करंजीतला मोदक' ही आपली कविता वाचली. त्याच संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. टिळकांनी त्या मुलाला जवळ केले व तो त्यांच्या घरी घरच्यासारखा राहिला. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्यावरून त्या घरातील माया कमी झाली नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांच्याविषयी आईने लिहावे तसे लिहिले आहे. जो घेणार नाही त्यालाही ताटात तेवढेच वाढायचे, हे त्या घराचे मोठेपण मला फार वाटते. आपले मानले तर जवळचा, न मानले तर परका, असे त्यांनी केले असते तर मुलानेही ते पाहिलेच असते.

दुसरी गोष्ट भाषेची. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, असे तेव्हा अनेकांना वाटे. ख्रिस्ती लोकांपैकीही काहींना वाटत असावे. टिळकांना ते मान्य नव्हते. भजन, कीर्तन, अभंग, ओवी हे आपले, यातूनच देवाची भक्ती करावी असा त्यांचा आग्रह. आम्ही रविवारी जी गीते म्हणतो त्यांत त्यांची पुष्कळ आहेत. अहमदनगरचे कृष्णा रत्नाजी सांगळे यांचीही आहेत. माझ्या आजीला सही करता येत नव्हती, पण गीते मात्र तोंडपाठ. जात्यावर नाही, तर चुलीपुढे म्हणे. मी धर्म शिकले तो रविवारच्या शाळेत कमी व त्या चुलीपुढे जास्त. तिने मला 'विश्वास ठेव' असे एकदाही सांगितल्याचे आठवत नाही. ती गात होती व मी भाकरी शेकत होते.

आपल्या भाषेचा हा गुण फार जुना आहे. गोव्यात राचोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. ते जन्माने इंग्रज, पण पुराण लिहिले मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. पुढे गोव्यातून कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेकडे मंगळूरच्या बाजूस गेली. गाव सुटले, शेजार सुटला, पण पुराणाच्या हस्तलिखित प्रती त्यांनी घरोघरी जतन केल्या. म्हणूनच १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले. मधल्या एवढ्या वर्षांत ते कोणी टिकवले? ज्यांनी नकलून काढले त्यांनी, आणि घरात बसून ज्यांनी ऐकले व वाचले त्यांनी.

आता टिळकांच्या घरातील तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. टिळकांनीही येशूचे चरित्र ओवीबद्ध लिहावयास घेतले होते. नाव 'ख्रिस्तायन'. दहा-अकरा अध्यायांपर्यंत काम आले. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला, त्यात हिंदू-ख्रिस्ती असा भेद न मानता भक्तांनी एकत्र यावे अशी कल्पना होती. परंतु ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. दरबार विसकटला व ख्रिस्तायन अपुरे राहिले.

नवरा गेला तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. शाळेत न गेलेल्या. जोडाक्षरे नवऱ्याने शिकवलेली. त्यांनी ते अपुरे काम हाती घेतले व पुढचे ६४ अध्याय लिहिले. चौसष्ट! संस्कृत पंडिताने दहा-अकरा लिहिले व शाळा न पाहिलेल्या बाईने चौसष्ट. त्या कीर्तनेही करीत. शिवाय याच काळात मुलाच्या सांगण्यावरून आठवणी लिहून काढत होत्या. मुलगा देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईला म्हटले की, आठवेल ते लिहून दे. त्या टिपणांचीच 'स्मृतिचित्रे' झाली. १९३४ पासून ती भागाभागाने पुस्तकरूपाने निघाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. ख्रिस्तायनाचा अखेरचा अध्याय मुलाने लिहिला व १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. आईलाही तो छापलेला पाहावयास मिळाला नाही.

म्हणजे बापाने आरंभ केला, आईने भर घातली, मुलाने शेवट केला. एका ग्रंथाला तीन हात लागले. देवदत्त टिळकांनी पुढे 'ज्ञानोदय' या जुन्या पत्राचे संपादन केले. हे पत्र १८४२ साली अहमदनगरला सुरू झाले होते व त्यांचे वडीलही पूर्वी त्याचे काम पाहत. देवदत्त १९६५ साली वारले. त्यांचे चिरंजीव अशोक टिळक यांनी आजीच्या स्मृतिचित्रांची संपूर्ण आवृत्ती १९८९ साली तयार केली. अशी ही परंपरा नातवापर्यंत आली.

मी पुन्हा पुन्हा विचार केला की, या घरात नेमके काय दिले गेले? श्रद्धा दिली गेली असे म्हणावे तर लक्ष्मीबाईंनी ती नवऱ्याकडून घेतलीच नाही, स्वतः शोधली. मला असे वाटते की, त्या घराने पुढच्याच्या हाती एक अपुरे काम दिले, आणि ते पुरे करण्यापुरती भाषा दिली. पुरे करायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवले. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या ओव्यांची नुसती नक्कल केली असती तर चौसष्ट अध्याय झाले नसते. त्यांनी आपल्या मनाने, आपल्या शब्दांत लिहिले. मुलानेही तसेच.

येथे कोणी विचारील की, मुलांनी घेतलेच नाही तर? पुढच्या पिढीने अध्याय लिहिलाच नाही तर? तसेही होते. अशी घरे माझ्या पाहण्यात आहेत. त्याचे दुःख होते व ते दुःख मी नाकारणार नाही. पण जबरदस्तीने लिहवून घेतलेला अध्याय कोणी दुसऱ्यांदा वाचीत नाही, हेही तितकेच खरे. आपण भगिनी मुलांना देवळात ओढून नेतो, उपास करायला लावतो, लोक काय म्हणतील म्हणून उभे करतो. त्याने मूल उभे राहते, मन उभे राहत नाही. उलट, आपण काही केलेच नाही, घरात गाणे नाही, गोष्ट नाही, पाहुण्याला पाणी नाही, सणाला फक्त दुकानातली मिठाई, तर मुलाने घ्यावे तरी काय? घेण्यासारखे घरात काही ठेवणे, एवढे आपले काम. ते मात्र टाळता येत नाही. पाळी, सुट्टी, वसाहतीतले दोन खोल्यांचे घर, या सबबी मीही सांगत होते. आता सांगत नाही. यांची सुट्टी रविवारी नसली तर ज्या दिवशी असते त्या दिवशी रात्री आम्ही घरीच दोन गीते म्हणतो. शेजारच्या काकी कधी कधी येऊन बसतात. त्यांना चाली आवडतात. त्यांच्या श्रावणातल्या कहाण्या मी ऐकायला जाते.

मुलीला मी पुन्हा विचारले नाही. साडी ट्रंकेत घडी करून ठेवली आहे. वाचून झालेले स्मृतिचित्रे मी फडताळावर ठेवले होते. परवा पाहिले तर ते तिच्या उशाशी होते व अर्ध्यावर कागदाची खूण घातली होती. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. शास्त्राच्या पानावरची ती रिकामी जागा अजून रिकामीच आहे. आता तिच्याकडे पाहून मला पहिल्यासारखी भीती वाटत नाही. भरायची तर तिच्या अक्षरात भरली जावी, एवढेच मागणे आहे.